अंगाई संपेपर्यंत

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी उपदेश असतो. माझा मी आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी मला तो जमणार नाही: जुन्या कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडण्याआधी आतला रोल गुंडाळलेला आहे का, ते पाहा.

आता ओळख. मी एक जुना कॅमेरा आहे. एका फोटोग्राफरच्या गळ्यात माझे आयुष्य गेले. माझा पट्टा त्याच्या घामाने काळा पडला आहे. कारखान्यातले मला काही आठवत नाही. डोळा उघडला तो थेट चुनखडीच्या डोंगरांवर. पांढरट, खडबडीत, पाण्याने पोखरलेले डोंगर. पायथ्याशी शेते, शेतांत बगळे आणि डोंगरांच्या पोटात गुहा. प्रवासाच्या मासिकांना हे सगळे हवे असायचे.

खट्.

गुहेत आमची एक पद्धत होती. आत डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही असा अंधार. मला स्टँडवर उभे करून त्याची बायको माझी कळ दाबून धरायची. मग तो हातात दिवा घेऊन गुहाभर फिरायचा. भिंतींना, छतावरून लोंबणाऱ्या चुन्याच्या सुळक्यांना, रंग द्यावा तसा थोडाथोडा उजेड देत जायचा. तो कुठे थांबत नसे, म्हणून फोटोत कधी उमटत नसे. कळ किती वेळ धरायची? घड्याळ दिसायचे नाही. ती लेकीची अंगाई म्हणायची. अंगाई संपली की कळ सोडायची.

"जरा सावकाश म्हण," तो अंधारातून ओरडायचा. "पलीकडचा कोपरा राहिलाय."

"मग पाय उचला. लेक एवढ्यात दोनदा झोपली असती."

घरी आल्यावर तो माझ्या डोक्यावरची घुंडी फिरवून रोल मागे त्याच्या डबीत गुंडाळायचा, कारण उघड्या रोलला उजेड लागला की फोटो जळतात; आणि मग मला तिच्यापुढे ठेवायचा. घुंडी वर ओढून झाकण उघडायचे आणि रोल काढायचा, हे तिचे काम. त्याच्या बोटांना चुन्याची भुकटी असायची ना. इतक्या वर्षांत ही वाटणी एकदाही चुकली नाही.

खट्.

कौतुकही झाले. मुखपृष्ठांवर माझे डोंगर, कॅलेंडरांवर माझ्या गुहा. "आत एवढा उजेड आला कुठून?" लोक विचारत. तो नुसता हसायचा.

"भिंतभर डोंगर टांगलेत," बायको म्हणायची, "आणि तुमचा म्हणून एक फोटो नाही घरात."

"माझं काय बघायचंय? रोज बघतेस की."

मग नवे कॅमेरे आले. त्यांना ना रोल लागतो, ना फोटो धुवायला अंधारी खोली. मी कपाटात गेलो. तरी गुहेत जायचे म्हटले की तो मलाच काढायचा.

शेवटच्या खेपेला त्याला मध्येच दम लागला. तो माझ्या अगदी समोर एका दगडावर बसला. दिवा मांडीवर, उजेड तोंडावर. अंगाई संपली तरी तो उठेना. कळ न सोडता तिने ती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

"बिघडला गं फोटो," तो म्हणाला. "मी मध्येच बसलो."

"बसा निवांत. डोंगर नाही का बसलाय केव्हाचा."

मित्रांनो, ज्याच्या छातीवर मी आयुष्यभर लोंबलो, त्याचा चेहरा त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिला. पोटात जपून ठेवला.

तो रोल पुरा झाला नाही. त्याआधीच तो गेला.

भिंतीवर लावायला फोटो शोधू लागले, तर मिळाला फक्त ओळखपत्रावरचा, कुणी दटावून बसवल्यासारखा.

"आई, बाबांचा एकसुद्धा धड फोटो नाही?" लेक म्हणाली.

"आहे." आईचा चेहरा उजळला. "याच्या पोटात आहे."

तिने मला कपाटातून काढले आणि खिडकीपाशी, उन्हात, मेजावर ठेवले. पुढचे तिच्या हाताला पाठ होते. मी तिच्यापुढे आलो, म्हणजे रोल गुंडाळलेला असणारच. तिने घुंडी वर ओढली.

गुंडाळणारा नव्हता.

"आई, अगं..."

झाकण लगेच मिटले. बाळ दचकून उठल्यावर दार ओढून घ्यावे, तसे.

"आतले वेढे वाचलेत," रोल धुतल्यावर स्टुडिओवाला म्हणाला. "वरचा तेवढा जळला."

वरचा, म्हणजे शेवटचा. डोंगर आले. बगळे आले. सुळका न् सुळका आला. त्याच्या जागी पांढरा कागद आला.

लेक तो कागद चुरगाळणार होती. आईने तिच्या हातातून काढून घेतला, चौकटीत बसवला आणि डोंगरांच्या मधोमध टांगला. समोरच्या फळीवर मी असतो. आता मला कुणी उघडत नाही, पुसतही नाही.

परवा शेजारीण विचारत होती, "हा कोरा कशाला लावलाय?"

"कोरा नाही तो," ती म्हणाली. "बसलेत ते. दम लागला होता."

मग ती कपड्यांच्या घड्या घालू लागली. घालताना ती अंगाई गुणगुणते. शेवटच्या ओळीपाशी येते, थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.