सुनेच्या नावाचा घाम

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या एका सरकारी क्वार्टरच्या बाल्कनीत रोज सकाळी एक बाई सुमित्राबाईंना भलत्याच नावाने शाबासकी द्यायची.

"शाबाश विनया! बहुत बढ़िया!"

शाबासकी देणारी बाई मोबाईलमधली, व्यायामाच्या फुकट ॲपमधली. आणि विनया म्हणजे सुमित्राबाईंची सून. ती त्या वेळी तोंडात टोस्ट, एक चप्पल पायात आणि दुसरीचा शोध चालू, अशी दारापाशी पोचलेली असायची.

"आई, निघते हं! झालं का माझं?"

"तुझे खांदे झाले, कंबर राहिलीय. तू जा बिनधास्त."

सून गेली की सुमित्राबाई पदर खोचून पुन्हा हात वर करायच्या. ॲपमधलं धाडधाड संगीत त्यांना सोसत नसे. ते बंद करून त्या आपलीच ओवी लावायच्या.

सकाळच्या पारी बाई, सूर्य गच्चीवर आला
माझ्या सुनेच्या खांद्याचा, गंज उतरून गेला

खाली कडुनिंबाच्या झाडावर पोपट कलकलाट करायचे. समोरच्या बाल्कनीतल्या भाटियाबाई कपडे वाळत घालता घालता विचारायच्या, "आंटीजी, रोज रोज इतकी मेहनत?" आणि सुमित्राबाई अभिमानाने सांगायच्या, "बहू के लिए!"

हे असं सुरू झालं त्याला कारण होती उत्तरा, विनयाची पुण्याची थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी तिच्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली. केस गेले, परत आले, आणि आले ते कुरळे आले. आता उत्तरा ठणठणीत होती, पण विनयाच्या मनात भीती येऊन बसली ती उठेना. शेवटी ती तपासून आली. काही निघालं नाही. रिपोर्ट बाजूला ठेवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सब ठीक है. पर दिनभर कुर्सी पर बैठती हैं न आप?"

विनया केंद्राच्या एका खात्यात अधिकारी. तिचं सगळं कामच खुर्चीचं.

"देखिए, गारंटी कोई नहीं दे सकता. जाँच समय पर करानी ही है. पर रोज़ शरीर हिलाइए, खतरा कम होता है. जिम भी ज़रूरी नहीं. फोन पर मुफ़्त ॲप हैं, घर में कीजिए."

दोघी बहिणींनी मग एकच ॲप घेतलं आणि एकमेकींना जोडून टाकलं. एकीचा व्यायाम झाला की दुसरीच्या मोबाईलवर एक छोटंसं गुलाबी कमळ उमलायचं.

"ज्या दिवशी अंग उठत नाही ना विनू," उत्तरा म्हणाली होती, "त्या दिवशी तुझं कमळ बघते आणि उठते."

काही आठवडे कमळं उमलली. मग संसदेचं अधिवेशन लागलं. खासदारांच्या प्रश्नांची उत्तरं लिहिता लिहिता विनयाला जेवायचीही शुद्ध राहिना. कमळं बंद झाली आणि पुण्याहून फोन आला, "बरी आहेस ना गं?" त्या आवाजातली काळजी शेजारी भाजी निवडणाऱ्या सुमित्राबाईंनाही ऐकू गेली.

"मी करते तुझ्या नावाने," त्या म्हणाल्या.

"आई, असं नसतं हो."

"का नसतं? माझं लग्न जमत नव्हतं, तेव्हा सोळा सोमवार माझ्या आईने केले. शंकर म्हणाला का, मुलीला पाठवा म्हणून? मिळालेच ना तुझे सासरे!"

राघव, विनयाचा नवरा, वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाला, "मग माझं डाएटही तूच कर ना आई."

"तुझं पोट बघून देवसुद्धा बदली माणूस घ्यायचा नाही!"

विनया हसली. हसता हसता तिने घरातला जुना मोबाईल सासूच्या हातात दिला, त्यात ते ॲप आपल्याच नावाने लावून. दुसऱ्या दिवशी पुण्याहून लाल बदाम आला. 'वा विनू!'  विनयाने जोडलेले हात पाठवून दिले. त्या जोडलेल्या हातांत एक लहानसं खोटं दडलं होतं, आणि रोजच्या कमळागणिक ते वाढत गेलं.

श्रावणात उत्तरा दिल्लीला आली. निमित्त होतं राघवच्या चुलत बहिणीच्या, रसिकाच्या पहिल्या मंगळागौरीचं. दिल्लीच्या मराठी घरांत मंगळागौर बहुतेक रविवारीच येते, कारण मंगळवारी सगळ्या गौरी ऑफिसात असतात. तर गाझियाबादला, रसिकाच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, भर दुपारी एसीखाली खेळ सुरू झाले. झिम्मा झाला, पिंगा झाला. रसिकाची पंजाबी सासू "अरे वाह, ये तो अपना गिद्दा है!" म्हणत मध्येच घुसली आणि सगळ्यांपेक्षा चांगली नाचली.

"फुगडी!" उत्तराने पदर खोचला. "चल विनू!"

"नको ताई, मी..."

"नको काय? रोज खांदे फिरवणारी तू!"

पायाशी पाय जुळले, हातांची अढी पडली. उत्तरा मागे झुकली. ऑपरेशनच्या बाजूचा तिचा हात वर्षभर खांद्यापर्यंतसुद्धा उचलला जात नव्हता. तोच हात आता बहिणीला घट्ट धरून गरगरत होता, आणि कुरळे केस वाऱ्यावर उडत होते. हॉल फिरला, गौर फिरली, समया फिरल्या. चार गिरक्यांत विनयाचा श्वास तुटला. हात सोडवून ती भिंतीपाशी मटकन बसली.

उत्तराचं हसू विझलं.

"विनू? इतका दम?" ती गुडघ्यांवर बसली. "तू रोज व्यायाम करतेस. मग असा दम का लागतो तुला? काही होतंय का? लपवत नाहीयेस ना माझ्यापासून? शेवटचं कधी दाखवलंस?"

हा चेहरा विनयाच्या ओळखीचा होता. दवाखान्यातल्या बाकावर रिपोर्टची वाट बघणारा चेहरा. दोन वर्षांपूर्वी त्या बाकावर दोघी हातात हात घेऊन बसल्या होत्या. 

"तिला काही झालेलं नाही," मागून सुमित्राबाई म्हणाल्या. "कमळं माझी आहेत."

"काय?"

"कमळं. रोजची. सुनेच्या नावाने मी करते."

"आणि मी करू दिलं, ताई," विनया पुटपुटली. "तुझे बदाम घेत राहिले."

टाळ्या थांबल्या. उत्तरा एकदा बहिणीकडे बघे, एकदा तिच्या सासूकडे.

"काकू, ते हात वर करून उठाबशा... त्या तुम्ही केल्या?"

"नाही तर काय! आधी गुडघ्याला हात लावल्याशिवाय उठता येत नव्हतं. आता बघ." सुमित्राबाई सतरंजीवर बसल्या आणि हात न टेकता, तुळशीसारख्या सरळ, उभ्या राहिल्या.

आधी उत्तरा हसली. मग सगळा हॉल हसला. हसता हसता उत्तराचे डोळे भरून आले, आणि तिने विनयाच्या पाठीत एक धपाटा घातला.

"गाढवे! जीव गेला ना माझा! पुण्य दुसऱ्याच्या नावाने चालतं, घाम नाही चालत. आणि मला कमळाचं काय करायचंय? मला तू हवीयस."

"उद्यापासून करते," विनया म्हणाली.

"उद्या अधिवेशन आहे तुझं," सुमित्राबाईंनी आठवण करून दिली. "डबा कोण भरणार?"

सगळ्या बायका एकदम राघवकडे वळल्या. तो कोपऱ्यात प्रसादाच्या लाडवाशी गुंतला होता. त्याने लाडू तोंडात धरूनच मान डोलावली.

मग सुमित्राबाईंनी उत्तराला फुगडीला ओढलं.

फुगडी खेळू गं लेकी, धर मनगट घट्ट
जीव लावण्याचा आहे, आपला हा जुना हट्ट

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत तिघी उभ्या राहिल्या. जागा एकीचीच, हात वर केले की कोणाचं तरी कोपर कोणाच्या तरी कानाला लागायचं. विनयाचे खांदे कुरकुरले, पोटऱ्या थरथरल्या. स्वयंपाकघरातून राघव ओरडला, "आई, पोळी गोल का होत नाही?" आणि तिघींपैकी कोणीच उत्तर दिलं नाही.

"शाबाश विनया," मोबाईलमधली बाई म्हणाली. कितीतरी दिवसांनी आज तिने खऱ्या विनयाला हाक मारली होती. विनयाच्या कपाळावरचा घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर थांबला. तो पुसायलाही तिला सवड नव्हती. शेजारी उत्तराच्या मोबाईलवर कमळ उमललं, आणि उत्तराने बदाम पाठवायच्या ऐवजी बहिणीचा गालच ओढला.

"आणि आईंचं काय?" विनयाने धापा टाकत विचारलं. "तुमच्या वयाला तर हे जास्तच हवं. तुमचीही तपासणी करून घेऊ, माझ्याबरोबरच." तिने जुना मोबाईल घेतला, आपलं नाव पुसलं, नवं लिहिलं.

सुमित्राबाईंनी हात वर केले, खाली आणले.

"शाबाश सुमित्रा! बहुत बढ़िया!"

सुमित्राबाई हात तसेच धरून थबकल्या. आई, काकू, आंटीजी अशा कितीतरी हाका होत्या त्यांच्या वाट्याला. नुसतं सुमित्रा असं मात्र नवरा गेल्यापासून कोणी म्हटलं नव्हतं. त्यांच्या गालांवर हळूच लाली चढली.

"वयाचा काही मान ठेव गं," त्या मोबाईलला दटावत म्हणाल्या. आणि मग कोणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी तो व्यायाम पहिल्यापासून पुन्हा लावला.