पाणी न चढणारी नदी

डास इतके झाले होते, की रेनडियर उभ्या जागी नाचत होते. पलीकडच्या दरीत भर जुलैतही बर्फाची लादी पसरलेली असते, तिथे डास फिरकत नाहीत. कळप तिकडे नेला नाही तर जनावरं पिसाळून डोंगरात पांगतील आणि लांडग्यांची चंगळ होईल. पण मध्ये खारान नदी होती.

याकुत्स्कहून जलशास्त्र शिकून आल्यापासून पाणी मोजण्याचं काम माझ्याकडे होतं. मी काठावर लाल खुणांची काठी रोवली. नदी ओलांडण्याआधी आमच्याकडे तिचा मान म्हणून चिंध्या आणि रेनडियरच्या गळ्याचे पांढरे केस बांधतात, ते माझ्याच काठीला बांधले गेले. शिखरांवरचा बर्फ आठवडाभर वितळत होता, तरी पाणी रोज सकाळी त्याच दुसऱ्या खुणेवर. शेवटी मी सिद्धान्त मांडला, की जास्तीचं पाणी गोट्यांखालून वाहत असणार.

"म्हणजे उतरू?" स्पिरिदोनकाकांनी विचारलं.

"खुशाल. गुडघाभरच आहे."

दुसऱ्या पावलाला पाणी कमरेवर गेलं, तिसऱ्याला काका आडवे. टोपी पुढे, काका मागे. कुत्र्याने आधी टोपी वाचवली.

"पोरी," काका धापा टाकत काठावर आले, "हा गुडघा कुणाचा? मॅमथचा?"

"अहो, पाणी चढलंय!" अकुलिनाकाकू तंबूतून ओरडली. "रोज पहाटे काठी वर घेते ना मी!"

"वर घेतेस?" मी विचारलं.

"मग? नदीचा मान बांधलाय तिला, तो बुडू द्यायचा? पण तुझ्या दुसऱ्या खुणेलाच पाणी लागेल अशी नीट रोवते हो. तुझं शास्त्र नाही मोडलं."

काका सदरा पिळत म्हणाले, "नदी चढते, ही काठी चढवते आणि बुडतो मी."

तेवढ्यात म्होरक्या नर पाण्याकडे निघाला. त्याला दोरीने धरून ठेवताना मी इकडेतिकडे पाहिलं. इथे नदी दोन कड्यांमध्ये आवळलेली, म्हणून खोल. वळणापलीकडे दरी रुंदावते आणि नदीचे वाळूगोट्यांवर अनेक ओघ होतात. पाणी तेवढंच, पण पसरलेलं.

"वर चला. तिथे उथळ असेल."

"असेल, की आहे?"

"मोजल्याशिवाय कसं सांगू?"

"मग आधी तू उतर," काका म्हणाले. "माझ्याकडे कोरडा सदरा उरलेला नाही."

कळप घेऊन आम्ही वळणापलीकडे गेलो. पहिला ओघ घोट्याएवढा, दुसरा पोटरीएवढा. तिसऱ्यात मी गारठून किंचाळले, पण मांडीच्या वर पाणी गेलं नाही. शेवटच्या ओघात थांबून मी मागे ओरडले, "आहे! उथळ आहे!"

कळपाला बर्फाचा वास आधीच लागला होता. शिंगांचं रान मला पाण्यात बसवून पलीकडे गेलं. बर्फावर पोचल्यावर एकेकाने गुडघे दुमडले, मान टेकवली आणि सुखाने डोळे मिटले.

"पोरी, रस्त्यात काय बसलीयस?" काकूने मागून विचारलं. "वासरं यायचीत अजून!"