विमलाबाईंना एकदाच विचारलं

यीवूत नऊ वर्षं काढल्यावर निरंजनला एक खोड लागली होती. माणूस समोर आला की त्याचा ठोक भाव काय नि किरकोळ भाव काय, हे तो मनातल्या मनात ठरवून मोकळा व्हायचा. रायपूरच्या माना विमानतळावरून समता कॉलोनीतल्या घरी येईपर्यंत टॅक्सीवाल्याने त्याला नव्या राजधानीतल्या प्लॉटांचे दर ऐकवले. निरंजनने ताडलं, की हा गडी दर सांगण्यातच श्रीमंत आहे, प्लॉट घेणारा कोणी वेगळाच. रायपूर राजधानी झाल्यापासून शहरात असे श्रीमंत फार वाढले होते.

यीवू म्हणजे चीनमधलं बाजाराचं गाव. केसांच्या क्लिपांपासून थर्मासपर्यंत जगातली दुकानं जे विकतात, ते तिथे ठोकात मिळतं. रायपूर-नागपूरचे व्यापारी निरंजनला मागणी कळवत, तो माल बघून, ठोकून, मोजून पाठवत असे. बायको मीरा आणि सहा वर्षांची देवश्री तिथेच असत. चिनी नववर्षाला सगळं गाव कुलूप लावून आपापल्या खेड्यात पळतं. त्या सुट्टीत तो एकटाच घरी आला होता, तो एका कामासाठी.

काम होतं आईचं. वडील रेल्वेत गार्ड होते. ते गेल्या वर्षी गेले आणि विमलाबाई समता कॉलोनीतल्या घरात एकट्या राहिल्या. खाली दाताचा दवाखाना भाड्याने, वर त्या. निरंजनने ठरवलं होतं, की आईला यीवूला न्यायचं. ती नाहीच म्हणाली तर यीवूचं ऑफिस बंद करून आपणच परत यायचं. आईला एकटं ठेवायचं नाही, एवढं मात्र पक्कं. ऑफिसच्या जागामालकाला महिनाअखेरीला होय-नाही कळवायचं होतं.

पहिल्याच संध्याकाळी त्याने आईपुढे प्रस्ताव मांडला. पुरवठादारापुढे मांडावा तसा, नीटनेटका. पासपोर्ट झालाय, व्हिसा होतो, खोली स्वतंत्र आहे, संडास इंडियन करून घेतलाय, विमा काढलाय, तिकीट अमुक तारखेचं मिळतं.

विमलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाही रे बाबा. मी इथंच बरी."

"ठीक आहे आई," निरंजन म्हणाला. "तुझी मर्जी."

आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःचं कौतुकच वाटलं. इतरांची मुलं आईबापांना सामानासारखी उचलून नेतात. आपण विचारलं, उत्तर ऐकलं, मान ठेवला. मीराला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढ्यात मानलंस?"

"तिनं नाही म्हटलं ना."

"मग बांधू का सामान?" मीराचा आवाज पडला. यीवूतलं ते छोटं ऑफिस दोघांनी मिळून उभं केलं होतं. मालाची तपासणी तीच करायची. खराब शिलाई तिच्या नजरेतून सुटत नसे.

दुसऱ्या दिवसापासून विमलाबाई मुलाशी फार चांगल्या वागू लागल्या. इतक्या चांगल्या, की ते जरा वाईटच दिसायचं. पाटोडीचा रस्सा केला, ताट वाढलं, "मीठ बरोबर आहे नं?" असं विचारलं आणि आत निघून गेल्या. जावयाला वाढावं तसं वाढणं. शिवी नाही, टोमणा नाही, "किती रे वाळला" नाही. निरंजनच्या आयुष्यात आईने त्याला इतक्या अदबीने कधी वागवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो गोल बाजारात गेला. रामकृष्णकाका वडिलांचे जुने मित्र, वर्धेकडचे. आख्ख्या ओळीत भांड्यांचं दुकान असलेला एकटा मराठी माणूस. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि निरंजन परत आला तर दुकान त्याच्या हाती द्यायचं, असं त्यांनी मागेच बोलून ठेवलं होतं.

"ये, बस," काकांनी स्टीलच्या डब्यांची चळत बाजूला सारली. "मले आधी हे सांग, तिथले लोक खरंच विंचू खातात का?"

"नऊ वर्षांत मला तिथं कोणी काय काय खाऊ घातलं, काका. विंचू तेवढा राहिला."

"मंग कशाचा चीन पाह्यला तुनं!"

निरंजन हसला आणि सुरू झाला. चीनबद्दल कोणी विचारलं की तो थांबत नसे. सांगू लागला, की तिथे दुकानात पुरुष बसलेला दिसला तरी हिशोब बाईकडे असतो. भाव पुरुष बोलतो, पण बोलताना एक डोळा बायकोकडे असतो. ती कॅल्क्युलेटर उचलून आकडा दाखवते, तो खरा भाव. पोरं गाळ्यातच खोक्यावर वही ठेवून अभ्यास करतात. म्हातारे बसून खात नाहीत. तरणी माणसं कारखान्यात, नातवंडं आजी-आजोबांच्या पदरात, त्यावर तर सगळा कारखाना उभा आहे. आणि चौकशा तर अशा, की आपलं रायपूर लाजेल. पगार किती, भाडं किती, एकच मूल काहून, पहिल्याच भेटीत विचारतात.

"म्हंजे आपल्याच पाऱ्यातले, मोहल्ल्यातले," काका म्हणाले.

"पण भेटवस्तूची मजा वेगळी. एका कारखानदारानं मला चहाचा डबा दिला. मी आपला घेतला, पिशवीत टाकला. त्याचं तोंड उतरलं. नंतर कळलं, की आधी नाही म्हणायचं असतं. तो परत पुढं करतो, तुम्ही परत नाही म्हणायचं. पहिल्याच फटक्यात घेतलं तर तुम्ही हावरट. आणि पहिल्याच 'नाही'ला त्यानं मागं घेतलं, तर त्याला द्यायचंच नव्हतं, असं समजायचं."

काका डबा पुसत होते, ते थांबले.

"आईले नेतो म्हणत होता तू. काय झालं त्याचं?"

"विचारलं. नाही म्हणाली."

"किती डाव विचारलं?"

"एकदा. स्पष्ट नाही म्हणाली, काका. मग मी पुन्हा..." निरंजनचं वाक्य तिथेच राहिलं.

"हव," काका म्हणाले. "बोल बोल. मी ऐकून राहिलो."

निरंजन एका डब्याचं झाकण काढू-लावू लागला.

"अबे पोट्ट्या, चिन्यायचं 'नाही' तुले समजते अन् आईचं समजत नाही? आपल्या घरी पोळी वाढतानाही कोणी एकडाव विचारत नाही. एकडाव विचारणं म्हंजे न विचारणंच. तिले वाटलं असंल, पोट्टा कर्तव्य उरकून राहिला."

"पण काका, तिला खरंच यायचं नसेल तर?"

"तं तेही दुसऱ्यांदा विचारल्यावर समजंल. आत्ता तुले काय समजलं? काहीच नाही." काकांनी डबा चळतीवर आपटला. "अन् पाहा, माहा तोटा मीच करून राहिलो. तुले आजच गल्ल्यावर बसवायले पाहिजे होतं. जाय इथून, नाहीतर माहा विचार बदलंल."

निरंजन घरी आला तेव्हा विमलाबाई गच्चीतल्या उन्हात तिवऱ्याची भाजी निवडत बसल्या होत्या. तो समोर बसला, हातात चार काड्या घेतल्या. पुरवठादारांपुढे कधी न अडखळणारा माणूस आता कसं सुरू करावं म्हणून देठच मोडत बसला.

"पानं टाकून देठ ठेवून राहिला तू," आई म्हणाली.

"आई, चल ना यीवूला."

"सांगितलं नं तुले. नाही म्हणून."

"काहून नाही?"

विमलाबाईंनी वर पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

"तिथं थंडी असते म्हणते. मीरा सांगत होती, घरात लादी बर्फासारखी असते."

"असते. हिटर आहे."

"तूरडाळ भेटत नाही."

"भेटते. भारतीय दुकानं आहेत."

"कशी भेटते? पॉलिशवाली असंल." त्यांनी भाजीची मूठ टोपलीत टाकली. "अन् मले तिथली भाषा येत नाही. भाजीवाल्याशी भांडू कशी मी?"

निरंजनला एकदम हसू आलं, पण त्याने ते गिळलं. यीवूच्या गाळ्यांत एक म्हण फिरते, की मालाला नावं ठेवतो तोच गिऱ्हाईक. ज्याला घ्यायचं नसतं तो "छान आहे" म्हणून पुढे जातो. ज्याला घ्यायचं असतं तो शिलाई उसवून बघतो, झाकण वाजवून बघतो, रंग उडेल म्हणतो. पहिल्या दिवशी आई "इथंच बरी" म्हणून गाळ्यावरून पुढे निघून गेली होती. आज ती झाकण वाजवत होती.

"कॅल्क्युलेटरवर भांडायचं," तो म्हणाला. "तू आकडा दाबायचा, तो हात कपाळाला लावतो, मग तो दाबतो. आमची घरमालकीण आहे ना, चेनबाई, तिला मी आजपर्यंत एकदाही बोलून हरवलं नाही."

"कोण ही?"

"तुझ्याच वयाची. चार मजले भाड्यानं देते नि आपण खाली सायकलींजवळच्या खोलीत राहते. भाडं वाचतं म्हणते."

"शहाणी आहे." विमलाबाईंनी स्वतःच्या घराकडे, खालच्या दाताच्या दवाखान्याकडे असा कटाक्ष टाकला, की जणू हिशोब जुळला. "नवरा?"

"गेला. सकाळी चौकात म्हाताऱ्या बायका गाणं लावून ओळीनं नाचतात, त्यात ती पुढच्या ओळीत असते."

"चारचौघांत?"

"चारशे जणांत. आणि दर महिन्याला मला विचारते, तुझी आई कुठं आहे, एकटी काहून ठेवली. मी म्हणतो ती येत नाही. ती म्हणते, खोटं बोलतो."

विमलाबाईंनी टोपलीतली भाजी खालीवर केली. मग हळूच म्हणाल्या, "अन् मी तिथं करू काय दिवसभर? तुम्ही दोघं मालामागं. मंग मी देवश्रीची बिनपगारी आया नं?"

हा प्रश्न थंडीचा नि तूरडाळीचा नव्हता. इथे निरंजनने उत्तर सजवलं नाही.

"हो," तो म्हणाला. "तिथल्या आज्या तेच करतात. पण घरात त्यांचंच चालतं, हेही खरं. आणि देवश्रीला मराठी येत नाही, आई. समजते, पण उत्तर हिंदीत देते. रागावली की चिनीत. मीरा नि मी दिवसभर भावच बोलत असतो. तिच्याशी कोण बोलणार?"

"हे तू पहिल्या दिवशी काहून नाही बोलला?" विमलाबाईंचा आवाज चढला, आणि तो ऐकून निरंजनला हायसं वाटलं. "विमा सांगितला, संडास सांगितला. अरे, मी काय पार्सल आहे? मी नाही म्हटलं तं ठीक आहे म्हणून टीव्ही लावून बसला. मले वाटलं, सुटला बिचारा."

"चुकलं."

"चुकलंच." त्यांनी भाजीची टोपली त्याच्याकडे सरकवली. "देठ वेगळे कर आता सगळे."

त्या होय म्हणाल्या नाहीत. संध्याकाळी मीराचा फोन आला, तेव्हा तो त्यांनी मुलाच्या हातातून ओढून घेतला. पलीकडून देवश्री म्हणत होती, "दादी, आप आओगे तो मेरे बाजू में सोना, मम्मी लात मारती है."

"दादी नाही, आजी म्हण," विमलाबाई म्हणाल्या. "अन् लात तू मारत असशील. बापावर गेली."

रात्री जेवताना त्यांनी निरंजनचं ताट पाहून म्हटलं, "किती रे वाळला. चिनी हवा लागली." त्याने निमूट आणखी एक पोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी निरंजनने पुन्हा विषय काढला, तर त्या म्हणाल्या, "बाहेरच्या थंडीचं काही बोललाच नाही तू. माह्या पायाले चपलेशिवाय काही चालत नाही." हे ऐकून तो त्यांना रिक्षात घालून गोल बाजारात घेऊन गेला, जोड्यांच्या दुकानात.

विमलाबाईंनी जन्मात बंद बूट घातला नव्हता. दुकानदाराने समोर पाच-सहा जोड मांडले. त्यांनी एक उचलला, आत हात घालून बघितला, तळवा दुमडला, नाकाजवळ नेला.

"गोंद का बास आता है, भैया."

"दो दिन में उड जाएगा, माताजी. अंदर देखिए, पूरा ऊन है."

"ऊन नहीं, रुई है." त्यांनी एका पायात घालून दुकानात चार पावलं टाकली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण निरंजनला त्यांच्या पायाची बोटं बुटात ऐसपैस हललेली दिसली. "बनते कुठं हे?" त्यांनी मराठीतच विचारलं.

दुकानदाराला मराठी कळत होती, गोल बाजारात कोणाला कळत नाही? तो अभिमानाने म्हणाला, "चाइना का माल है, माताजी. एकदम बढ़िया."

विमलाबाईंनी बूट काढला, जोडीच्या दुसऱ्या बुटाशेजारी नीट ठेवला आणि पदर सावरून उठल्या.

"मंग इथं काहून घ्यायचा महागात? जिथं बनते तिथंच घेऊ. ती चेनबाई आहे नं, तिले सांगून ठेव, चांगल्या दुकानात नेजो म्हणावं. अन् हिशोब मी करीन, तू मधे बोलायचं नाही."

दुकानदार हातात बूट घेऊन निरंजनकडे बघत राहिला. काय बिघडलं, ते त्याला कळेना. निरंजनने त्याला दिलाशाचे दोन शब्द बोलायचे ठरवले होते, पण विमलाबाई तोवर रस्त्यावर पोचल्या होत्या आणि मागे न बघता म्हणत होत्या, "चाल लवकर. रामकृष्णभाऊले सांगून येऊ, गल्ल्यावर दुसरा कोणी पाहा म्हणून. अन् तूरडाळ इथूनच न्यायची, दहा किलो. त्यात तुहं काही ऐकणार नाही मी."