डावीकडची जागा

"आई, ती माझी बाजू आहे. पलीकडून बस."

विजयमालाबाई हलल्या नाहीत. चूक झाली, हे त्यांनाही कळलं होतं. वांचाकोच्या किनाऱ्यावर जेवण झालं, वाळूत उभ्या करून ठेवलेल्या लव्हाळ्याच्या होड्या पाहून झाल्या आणि त्या सवयीनं डावीकडचं दार उघडून गाडीत बसल्या. बिबवेवाडीत ड्रायव्हिंग स्कूल चालवताना त्यांची जागा तीच. उजवीकडे शिकणारा घाम पुसतोय आणि डावीकडे, पायाखाली जादा ब्रेक-क्लच घेऊन बाई. उभी हयात अशी गेलेली. अंगाला पेरू देशाचे नियम कोण सांगणार? इथं स्टिअरिंग डावीकडे असतं. ते आज आयतंच पुढ्यात आलं होतं.

जयसिंग, त्यांचा एकुलता एक मुलगा, लिमात नोकरीला. गेल्या दिवाळीत पुण्याला आला तो आईच्या गुडघ्याचं निमित्त करून स्कूलची गाडी विकून, पाटी उतरवूनच परतला. विचारलं नाही, नुसतं सांगितलं. गाडी चालवायला डॉक्टरांची हरकत नव्हती, पण डॉक्टरांपेक्षा मुलाला जास्त कळतं. वर भरपाई म्हणून ही समुद्रकाठची सहल. बाईंचा राग त्यांच्यासोबत विमानानं आला होता. परदेशात चालणारा परवानाही त्यांनी येताना काढून आणला होता. तो दाखवला तेव्हा जयसिंग म्हणाला होता, राहू दे पर्समध्ये, आठवण म्हणून.

"ऊठ ना. लोक बघतायत."

"बघू देत. बिबवेवाडीत काय डोळे मिटून घेत होते?"

रस्ता नवा, बाजू उलटी, त्यात तुझं वय, असं बरंच काही तो बोलला. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. शिकणाऱ्यांच्या सबबी त्या अशाच ऐकून घ्यायच्या.

"शिकताना कात्रजच्या घाटात गाडी मागं सरकली तेव्हा तू रडत होतास, जयसिंग. मागं हॉर्नवर हॉर्न. तेव्हा मी तुला म्हटलं, पलीकडे बस म्हणून?"

तो वळसा घालून उजवीकडच्या दारानं आत येऊन बसला.

"चावी दे. आणि पट्टा लाव."

त्यानं चावी दिली. बाईंनी सीट पुढं घेतली, आरसा आपल्या नजरेला जुळवून घेतला. गिअरसाठी डावा हात गेला तो दारावर आपटला. जयसिंगनं तोंड उघडलं.

"कळलं मला," त्या म्हणाल्या आणि उजव्या हातानं पहिला गिअर टाकला.

गाडी हळूहळू उजव्या कडेनं गावाबाहेर निघाली. वळणावर एक तीनचाकी आडवी आली. बाईंनी वेग कमी केला, तिला जाऊ दिलं. शेजारी जयसिंगचा पाय जोरात खाली दाबलेला होता. ब्रेक नव्हता तिथं. बाईंनी ते पाहिलं आणि दुसरा गिअर टाकला.