विहिरीवरचा ओलीस

पाणीखात्यातला पंपमेकॅनिक टोळीच्या तावडीतून सुटून घरी आला, त्याला वर्ष होत आलं होतं. ओलीस ठेवलेल्या सरकारी नोकरांना आणि त्यांच्या घरच्यांना भरपाई मिळणार असं कळलं आणि त्याच्या बायकोने कंबर कसली. ती शिवणकाम करायची. जीभ कात्रीपेक्षा धारदार, आणि तिला या धारेचा चांगलाच अभिमान.

"बोलायचं ते मी बोलेन. तुम्ही नुसती मान हलवा," तिने बजावलं होतं.

सुनावणीच्या खोलीत टेबल डुगडुगत होतं. मेकॅनिकने बसल्या बसल्या पुठ्ठ्याचा तुकडा घडी करून पायाखाली सरकवला. अधिकारी बाई वयाने लहान, पण नजर करारी.

"टोळीच्या तळाबाहेरच्या विहिरीवरचा पंप तुम्ही दुरुस्त केलात?"

बायको तोंड उघडणार, तोच हा गडी म्हणाला, "हो! एकदम पक्का केला. आधी कुणीतरी वॉशरच्या जागी चपलेचा तुकडा कोंबला होता. असलं काम बघवतं का, मॅडम?"

धन्य तो माणूस! हा कैदी नव्हताच, टोळीकडे कामाला होता, हाच तर सरकारचा संशय. तसं ठरलं तर भरपाई बाजूलाच, जन्मभराचा बट्टा लागणार. आणि हा स्वतःच्या कामाचं कौतुक करत बसला होता.

"विहिरीवर पहारा नसायचा, असं तुम्हीच जबाबात सांगितलंत. मग पळाला का नाहीत?"

हेच बायकोनेही एकदा रागाच्या भरात विचारलं होतं. तेव्हा त्याने हसून विषय बदलला होता. आता तो हसला नाही.

"मी विहिरीवर गेलो, की माझ्याबरोबर पकडलेल्या आमच्या जीपच्या ड्रायव्हरला गुडघ्यांवर बसवायचे. मानेला बंदूक. मी परत आलो की उठवायचे. म्हणून काम पक्कं केलं. पंप सारखा बिघडला असता, तर तो सारखा गुडघ्यांवर बसला असता."

बायकोने आपली खुर्ची त्याच्या जवळ सरकवली.

"ड्रायव्हरची साक्ष काल झाली," अधिकारी बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तो म्हणाला, हा माणूस दर वेळी परत आला. मला ते तुमच्याकडून ऐकायचं होतं."

बायकोला रडू आवरेना. इतके दिवस ती मनातून त्याला भित्रा समजत आली होती. पण गप्प बसेल तर ती कसली!

"मग लिहा, मॅडम, ओलीस होते म्हणून," डोळे पुसत ती म्हणाली. "आणि आत्ता, माझ्यासमोर लिहा."

बाईंनी पेन उघडलं.