मुळांना हवा पुरवणारा पंप

मित्रांनो, मी एक जुना हवेचा पंप आहे. तळहातावर मावेन एवढा, काळा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. पाण्यात हवा सोडणं हे माझं काम. पोटातली रबराची चकती थरथरते, नळीतून हवा जाते आणि पाण्यात बुडबुडे उठतात. दिवस नाही, रात्र नाही, नुसती घरघर. खरं सांगू? मी आता पार थकलो आहे.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतो तो दातांचा दवाखाना. तिथल्या माशांच्या टाकीमागे मी कित्येक वर्षं राबलो. गाल धरून बसलेली माणसं माशांकडे बघत आपलं दुखणं विसरत. कौतुक माशांचं व्हायचं. माझ्याबद्दल डॉक्टर एकदाच बोलले, तेही आवाज फार करतो म्हणून. पुढे टाकी काढून टाकली. मी कचऱ्यात जायचो, पण तिथल्या मदतनीस बाईंनी मला पुसून पर्समध्ये टाकलं.

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. नवरा ट्रकवर, कधीमधी घरी. सासरे जन्मभर बागेत माळीकाम केलेले. सासूबाई गेल्यावर बाईंनी त्यांना इकडे आणलं, आणि आल्यापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीतच होते. गुडघ्यांचं निमित्त सांगून जिना उतरत नसत. दोन घास खात आणि ताट सरकवत. या माणसाच्या हाताला झाडं हवीत, हे बाईंना कळत होतं. पण घराला गॅलरी नव्हती आणि माती वर चढवायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. म्हणून त्यांनी पाण्यातच पालक लावायचं ठरवलं. सासरे म्हणाले, मातीशिवाय झाड म्हणजे थट्टा आहे.

पहिल्यांदा बाईंनी काचेची बरणी घेतली. दिसायला सुरेख, पण उजेड आत शिरला, पाणी हिरवं झालं आणि मुळं शेवाळाने माखली. मग पसरट ट्रे आणला. त्यातलं पाणी बघता बघता आटायचं. फिनेलची रिकामी बादली घरातच होती, पण खायच्या पाल्याला ती नको म्हणून बाजूला ठेवली. शेवटी झाकणाचा एक गडद निळा, खोल टब मिळाला. झाकणाला भोकं पाडून त्यांत जाळीच्या वाट्या बसवल्या, वर दिवा टांगला आणि मुळं गुदमरू नयेत म्हणून मला जोडलं. वायर तोकडी, म्हणून मी टेबलाखाली जमिनीवर. तिथेच चूक झाली.

पालक चांगला तरारला. सासरे मात्र तिकडे पाठ करून बसत. बाई दवाखान्यातून येत, स्वयंपाक करत, टबाचं पाणी बघत आणि भिंतीला टेकल्या टेकल्या डुलकी घेत. घरात आम्ही दोघंच अशी न थांबणारी, असं मला वाटे.

उन्हाळ्यात एकदा बाई कामावर गेल्या आणि वीज गेली. मी थांबलो. टबातलं पाणी नळीतून उलटं उतरलं आणि माझ्या पोटात शिरलं. वीज आली तरी मी हललो नाही. खोली गप्प झाली तसे सासरे वळून बघू लागले. दुपारपर्यंत पानं मलूल होऊन झाकणावर लोळली. तेव्हा ते उठले. आधी त्यांनी माझी पिन काढली, मग झाकण उचललं आणि मगाने टबातलं पाणी घेऊन उंचावरून पुन्हा टबात ओतू लागले. फेस उठेल, हवा मिसळेल, म्हणून. थकले की खुर्ची ओढून बसत, आणि बसूनच ओतत.

संध्याकाळी बाई आल्या. जमिनीवर पाणी, सासऱ्यांच्या बाह्या ओल्या, जेवण तसंच झाकलेलं. पिशवी हातात धरूनच त्या खाली बसल्या.

"बाबा, टाकून देऊ हे सगळं. माझ्याच्याने आता होत नाही."

सासऱ्यांनी हातातला मग खाली ठेवला नाही. "तू बस गं," ते म्हणाले. "मुळं अजून पांढरी आहेत, जिवंत आहेत. पाणी मी ओततो."

बाईंना रडू आलं. बऱ्याच महिन्यांत त्यांना कोणी बस म्हणालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ओतायला बाई थांबल्या, आणि सासरे मला खिशात घालून कठड्याला धरून जिना उतरले. शोभेचे मासे विकणारा दुकानदार म्हणाला, आजोबा, याचं आयुष्य संपलं, नवा घ्या. सासरे म्हणाले, आधी उघडून तर बघ. माझं पोट कोरडं झालं, नवी चकती बसली आणि पाणी उलटं येऊ नये म्हणून नळीत छोटी झडप बसवली. घरी वायर वाढवून मला टबाहून उंच फळीवर ठेवलं.

पालकाची काही रोपं गेली, बाकीची जगली. आता टबाचं पाणी सासरे बदलतात. पुदिन्यासाठी भांडं आणायलाही तेच गेले, आणि आत उजेड जातो का हे बघण्यासाठी दुकानातले डबे एकेक करून उन्हात धरून आले.

माझा शीण काही गेलेला नाही, मित्रांनो. पण माझ्यासारखा एखादा तुमच्या घरी असेल तर त्याला पाण्याहून उंच ठेवा, त्याची धूळ पुसा, चकती झिजली की बदला. आणि संध्याकाळी दारातून कोणी दमून आलं, तर त्याच्या हातातली पिशवी आधी आपल्या हातात घ्या.