डोळ्यांवरची पट्टी आणि शनिवारचा तास

मी एक पट्टी बोलतेय. जखमेवरची नव्हे, डोळ्यांवर बांधायची. पुढारी कसं व्हायचं हे मुलांना शिकवण्यासाठी मला कामाला लावलंय, आणि खरं सांगते, तीन वर्षं झाली तरी मलाच ते धड कळलेलं नाही.

जन्माने मी शिक्षकांच्या खोलीतल्या निळ्या पडद्याचा तुकडा. पडदा विटला तेव्हा शिपाईमावशींनी त्याची फडकी केली. मी त्यातल्या त्यात जाड निघाले, म्हणून मला दुमडून शिवलं आणि शनिवारच्या सरांच्या हवाली केलं. हे सर फक्त शनिवारी येतात, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून. त्यांच्या तासाचं नाव 'उद्याचे नेते'.

तास असा. वर्गातली बाकं वेडीवाकडी लावायची. एकाच्या डोळ्यांवर मला बांधायचं. दुसऱ्याने हात न लावता, नुसतं बोलून, त्याला फळ्यापासून खिडकीपर्यंत न्यायचं. जो कमी वेळात नेईल तो नेता.

बांधलेली असताना मला बाहेरचं दिसत नाही, पण आतलं सगळं कळतं. कोण पापण्या किलकिल्या करून फटीतून बघतो, कोण घाबरून डोळे गच्च मिटतो. लवकर पोहोचणारी मुलं हमखास फटीतून बघतात, आणि बक्षीस मिळतं त्यांना नेणाऱ्याला. तिथूनच माझ्या गोंधळाला सुरुवात झाली.

यंदा 'उद्याचे नेते'च्या मोठ्या शिबिराला वर्गातून एकच नाव जायचं होतं. सगळ्यांना वाटत होतं, ज्याला मुलं भोंगा म्हणत त्याचंच जाणार. त्याचा आवाज असा की शेजारचा वर्गही उजवीकडे वळावा! "डावीकडे! अरे डावीकडे, बहिऱ्या!" असं ओरडत तो दीड मिनिटात माणूस पोहोचवायचा. दोघांची ढोपरं फुटली, पण ढोपरं मोजायला सरांकडे घड्याळ नव्हतं.

दुसरी एक मुलगी होती. तिला सगळे हळूबाई म्हणत. एकदा मी तिच्या डोळ्यांवर असताना ती मैत्रिणीला म्हणाली, "मला जायचंय गं शिबिराला. आई म्हणते, तुझं नाव कोण घेणार? पण मला खूप जायचंय." मी भिजले. मैत्रिणीला काही दिसलं नाही.

हळूबाईची पाळी आली की ती आधी विचारायची, "पायाला काय लागतंय? भीती वाटतेय? मग थांबू या." नऊ मिनिटं लागायची. सर वैतागून म्हणायचे, "असं विचारत बसलीस तर उद्या जगात टिकशील का?" ती "नाही सर" म्हणायची. पण माझ्या आतल्या पापण्या तिच्यापाशी सैल असायच्या. कुणी फटीतूनसुद्धा बघायचं नाही. मग ती का टिकणार नाही? मला काही उमगेना.

निवडीच्या शनिवारी सरांनी फळ्यावर भोंग्याचं नाव लिहिलं. "आता हा नेऊन दाखवेल. पट्टी कोण बांधून घेतंय?"

कुणी हललं नाही. सर चिडले. "बरं, मीच बांधतो!" म्हणत त्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच भोंग्याच्या हातात दिलं. त्यांच्या भल्यामोठ्या डोक्याला मी जेमतेम पुरले. भोंगा सुरू झाला, "उजवीकडे! नाही, तुमच्या उजवीकडे!" आणि सरांची नडगी बाकावर अशी आदळली की बाकच सरकलं. आत त्यांचे डोळे गच्च मिटले. इतके घाबरलेले डोळे मी पहिलीतल्या पोरांचेही पाहिले नव्हते.

भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "सर, मला नाही जमत. तिला सांगा ना."

पावलं जवळ आली. "सर, लागलं का?" हळूबाईने विचारलं. "जरा उभे राहा. आणि मला सांगा, तुम्हाला जायचंय कुठं?"

आत पापण्या थांबल्या. तीन वर्षं ते मुलांना खिडकीकडे पाठवत होते, पण त्यांना स्वतःला कुठं जायचंय हे कुणी विचारलंच नव्हतं.

"खुर्चीकडे ने बाई," ते हळूच म्हणाले. "बसू दे मला."

तिने नेलं. सरांनी पाऊल टाकलं की ती थांबायची, ते 'हं' म्हणाले की पुढचं सांगायची. खुर्चीत बसल्यावर त्यांनी मला न सोडताच विचारलं, "किती वेळ लागला?"

"सर," भोंगा म्हणाला, "मी घड्याळ बघायचंच विसरलो."

सरांनी मला सोडलं. आधीचं नाव पुसलं आणि हळूबाईचं लिहिलं. भोंग्यानेच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.

आता मी खिडकीच्या गजावर वाळत पडलेय. कडा उसवल्यात, फार दिवस राहिले नाहीत. पण डोकं अजून चक्रावलेलंच आहे. ओरडणारा नेता नसेल, तर त्याने सगळ्यांसमोर 'मला नाही जमत' म्हटलं, ते काय होतं? तुम्हाला उत्तर सापडलं तर त्या मुलांना सांगा. जमलं तर मलाही सांगा, मी बराच वेळ ऐकून घेईन.